गुगल प्ले, पण गेम विकणाऱ्याच्या बाजूने: 5 पैकी 3 स्टार

प्ले स्टोअरवर रोज लाखो लोक ॲपचे रिव्ह्यू टाकतात, पण खुद्द दुकान कसं आहे, तिथे माल ठेवणाऱ्याला काय अनुभव येतो, हे मराठीत कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा प्रपंच. मी आणि माझा मावसभाऊ, दोघं नोकरी सांभाळून गेम बनवतो. कोड माझा, चित्रं आणि आवाज त्याचे. आट्यापाट्या या आपल्या मैदानी खेळावर आमचा एक छोटा पझल गेम आहे, पाळीपाळीने चाली करायच्या, पाट्या धरणाऱ्यांना चुकवत पलीकडे जायचं आणि परत यायचं, बस एवढाच. त्याच्या निमित्ताने या दुकानाचे नियम, फॉर्म, हिशोब सगळं बारकाईने वाचावं लागलं, तेच इथे सांगतोय.

आधीच निकाल सांगून टाकतो. गेम बनवून लोकांच्या हातात पोचवायचा असेल तर याच्याएवढी सोपी आणि स्वस्त जागा दुसरी नाही. पण एखादा गेम बनवला, पूर्ण केला, आता तो विकत राहू, असं डोक्यात असेल तर हे दुकान त्यासाठी बांधलेलंच नाही. इथे "पूर्ण झालेला गेम" अशी गोष्टच अस्तित्वात नाही. माझे दोन स्टार तिथेच कापले गेलेत.

चांगलं आधी. खातं उघडायला 25 डॉलर, तेही एकदाच. ॲपलकडे दर वर्षी 99 डॉलर, म्हणजे चार वर्षांत 396 डॉलर आणि वर मॅक लागतोच, कारण आयफोनचं ॲप बनवायचं टूल, एक्सकोड, दुसऱ्या कशावर चालत नाही. आपल्याकडे कॉलेजात शिकणारा पोरगा 25 डॉलर कसेतरी जमवतो, दर वर्षी 99 काढताना त्याला दहादा विचार करावा लागतो. कमिशनचंही तसंच. सुरुवातीपासून दोन्हीकडे 30 टक्के हा जणू दगडावरची रेघ होती. ॲपलने 2021 च्या जानेवारीपासून वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी 15 टक्के केलं, गुगलने त्याच वर्षी 1 जुलैपासून प्रत्येक डेव्हलपरच्या पहिल्या 10 लाख डॉलरवर 15 टक्के केलं. म्हणजे 99 रुपयांचा गेम विकला तर आधी 69 रुपये 30 पैसे उरायचे, आता 84 रुपये 15 पैसे उरतात, टॅक्सचं गणित वेगळं. हा फरक छोट्या माणसासाठी खरंच मोठा आहे आणि तो मिळाला कारण बऱ्याच लोकांनी कोर्टात आणि बाहेर वर्षानुवर्षं भांडण लावून धरलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंगच्या नियमांवरून गुगलला 936.44 कोटींचा दंड लावला होता, तोही त्याच भांडणाचा भाग.

आता टेस्टरचा नियम, ज्याच्यावरून नवीन मुलं सगळ्यात जास्त वैतागतात. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक माणसांनाच आधी गेम देऊन बघणं, करावं लागतं, आधी 20 माणसं लागायची, 2024 च्या डिसेंबरमध्ये ती 12 केली, आणि या सगळ्यांनी सलग 14 दिवस टेस्टर म्हणून जोडलेलं राहायचं. कंपनीच्या नावाचं खातं असेल तर ही अट नाही, पण मग कंपनीची ओळख पटवणारा डन्स नंबर काढा वगैरे. आता एकट्या माणसाने 12 अँड्रॉइडवाले आणायचे कुठून, तर घरातून. मावशी, काका, सोसायटीतला वॉचमन, ऑफिसातले दोघं, असे. प्रत्येकाचा जीमेल पत्ता घ्यायचा, लिंक पाठवायची, लिंकवर जाऊन "टेस्टर व्हा" दाबायला लावायचं, मग प्लेवरून उतरवून घ्यायला लावायचं, आणि फोनमध्ये दोन जीमेल खाती असतील तर चुकीच्या खात्यातून लिंक उघडते, मग फोनवर बसून समजवायचं की वर उजवीकडे गोल चित्रावर दाब.

पण मी या नियमाच्या बाजूने आहे, आणि हे मनापासून म्हणतोय. कारण आमच्या मावशीने फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत आणि स्क्रीनवरच्या वस्तूंचा आकारही वाढवलेला, आणि त्या सेटिंगमध्ये "पुढची पातळी" हे बटण अर्धं स्क्रीनच्या बाहेर जात होतं. हे आम्हाला आमच्या फोनवर जन्मात कळलं नसतं. आपल्या घरात किती जण असे मोठ्या अक्षरांवर फोन वापरतात बघा, पन्नाशीच्या पुढचे जवळपास सगळेच. वॉचमनकाकांच्या फोनमध्ये 2 जीबी रॅम, त्यांच्याकडे गेम सुरू व्हायला लागणारा वेळ बघून भावाने सगळी चित्रं पुन्हा लहान साइझमध्ये काढली. त्यामुळे "माझं तू टेस्ट कर, तुझं मी करतो" वाल्या ग्रुपमध्ये जाऊन 12 अनोळखी नावं भरण्यापेक्षा घरच्यांना पकडा, खरंच सांगतो, त्यांच्याकडून जे कळतं ते कोणी पैसे देऊनही सांगणार नाही. नियमाचा एकच भाग मला खटकतो, तो म्हणजे आकडा. खरी 5 माणसं 12 नावांपेक्षा कधीही बरी.

पत्त्याचा नियम मात्र अजिबात पटत नाही. वैयक्तिक खात्यातून तुम्ही गेमचे पैसे घेणार असाल, तर तुमचा पूर्ण पत्ता गेमच्या पानावर सगळ्या जगाला दिसतो. ग्राहकाला विक्रेता कोण ते कळलं पाहिजे हे बरोबर, वस्तू विकणाऱ्या कंपनीला हे लागू करा ना. पण घरातल्या एका खोलीत बसून गेम करणारी मुलगी, तिने 49 रुपयांचा गेम ठेवला की तिच्या घराचा पत्ता कोणीही वाचू शकणार? रिव्ह्यूमध्ये लोक कसल्या भाषेत लिहितात ते बघितलंय ना आपण सगळ्यांनी. मला माहीत असलेल्या काही जणी याच कारणाने गेम फुकट ठेवतात आणि एक पैसा घेत नाहीत. ज्यांना परवडतं ते ऑफिसचा पत्ता घेतात, म्हणजे परत खर्च आलाच. दुकानाने ग्राहकाची माहिती सांभाळायची तशी छोट्या विक्रेत्याचीही सांभाळायला हवी, पत्ता मागितल्यावरच दाखवा, तक्रार झाली तर दाखवा, काहीतरी मार्ग काढा.

लिस्टिंगचं पान बनवणं सोपं आहे आणि मराठीत करता येतं, याचे मी पूर्ण मार्क देतो. नाव 30 अक्षरांचं, छोटं वर्णन 80, मोठं 4000, आयकॉन 512 बाय 512, वरचं मोठं चित्र 1024 बाय 500, स्क्रीनशॉट कमीत कमी 2. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "आट्यापाट्या" हे वाचताना चार अक्षरं, मोजताना 11. म्हणजे 30 मध्ये इंग्रजीत जेवढं बसतं तेवढं मराठीत बसत नाही, आणि शिवाय लोक सर्च करताना मराठी नावही रोमनमध्ये टाइप करतात, त्यामुळे वर्णनात दोन्ही लिप्यांत नाव घाला.

सगळं भरलं, सबमिट केलं, हिरवी टिक आली. आता? आता काही नाही. गेम दुकानात आहे आणि दिसत कोणालाच नाही. ॲपलचं दुकान 2008 च्या जुलैमध्ये उघडलं तेव्हा त्यात साधारण 500 ॲप होती, तेव्हा एखादा माणूस बसून सगळी चाळू शकत होता. आज दोन्ही दुकानांत मिळून लाखोंनी आहेत, पहिलं पान प्रत्येकाला त्याच्या सवयीप्रमाणे वेगळं दिसतं, आणि सर्चमध्ये अगदी नेमकं नाव टाकलं तरी वर आधी जाहिरात म्हणून दुसऱ्याचंच काहीतरी येऊ शकतं. मोठ्या कंपन्या एक एक इन्स्टॉल विकत घेतात, त्यांचं गणित ठरलेलं असतं, की इतके रुपये घालून आणलेला माणूस पुढच्या महिन्याभरात त्याहून जास्त देऊन जातो. छोट्या गेममध्ये तो माणूस 99 रुपये एकदाच देणार, तर त्याला आणायला तुम्ही किती घालणार? इथेच सगळं अडतं, कमिशन 15 असो की 5. मला विचाराल तर कमिशनवरच्या भांडणात खरा विषय मागे पडला, खरं भाडं कमिशन नाहीये, खरं भाडं जाहिरातीत जातं.

बरं, विकायचाच ठरवला तर कोण विकत घेतो? मॉन्युमेंट व्हॅली, 2014 चा, किती सुंदर गेम, जगभर कौतुक झालं, त्यांनी 2015 च्या जानेवारीत सांगितलं होतं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त 5 टक्के पैसे भरलेले, आयफोनवर 40 टक्के. त्यातले काही एकच गेम दोन फोनवर टाकणारे असणार हे त्यांनीच मान्य केलं, पण तरी. आपल्याकडे तर मोबाइल गेमला पैसे देणं ही सवयच नाही आणि त्यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही, सुरुवातीची कितीतरी वर्षं प्लेवर पैसे भरायला क्रेडिट कार्ड लागायचं आणि ते होतं किती घरांत. 2015 मध्ये गुगलने भारतात कमीत कमी किंमत 10 रुपयांपर्यंत खाली आणली, नंतर यूपीआयही आलं, आता भरणं सोपं आहे. पण तोवर फुकट गेम आणि मध्येमध्ये जाहिरात हीच रीत बसली.

आणि जाहिरातीवर जायचं तर आकडे हवेत, भरपूर हवेत. भारतातल्या एका बघणाऱ्यामागे मिळणारा दर अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी कमी, गुगलच्या जाहिरात सेवेत, ॲडमॉबमध्ये, 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. महिन्याला काही शेकडा लोक खेळत असतील तर ते 100 डॉलर व्हायला किती काळ जाईल ते तुम्हीच धरा. नवी मुंबईचा लुडो किंग बघा, 2016 चा, लॉकडाउनमध्ये घराघरात तोच, त्या आकड्याला जाहिरातीचा धंदा मस्त जमतो. पण लुडो सगळ्या जगाला माहीत, आट्यापाट्या माहीत असलेला माणूस विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात, अजून कुठे कुठे, आणि त्यातले निम्मे मोबाइलवर गेम खेळतच नाहीत. छोट्या आवडीच्या गेमला जाहिरातीचं मॉडेल पुरत नाही, हे गणितच आहे, त्यात मेहनत कमी पडली वगैरे काही नसतं.

मग कोणी म्हणतं पब्लिशर घ्या, म्हणजे गेम बाजारात आणून त्याची प्रसिद्धी करणारी कंपनी. एका परदेशी पब्लिशरचा करार आमच्यापर्यंत आला होता, सोर्स कोडसकट सगळे हक्क त्यांचे, आणि प्रसिद्धीवर ते किती खर्च करणार याचा एका ओळीतही उल्लेख नाही. भावाने वाचून लगेच नाही म्हटलं. सही करण्याआधी तुम्हीही तेवढं शोधा, की पब्लिशर तुमच्यावर किती खर्च करेल ते आकड्यात लिहिलंय का.

नकलेचा विषय टाळता येत नाही. थ्रीज हा आकड्यांचा गेम, दोघातिघांनी 14 महिने घासून बनवलेला, फेब्रुवारी 2014 मध्ये आला, आयफोनवर 1.99 डॉलरला. मार्चमध्ये 2048 आला, एका मुलाने वीकेंडला बनवून फुकट ठेवला, सोर्ससकट. त्याने तो खेळ म्हणून केला होता, त्याला दोष नाही, पण मग दुसऱ्याच लोकांनी तेच उचलून दोन्ही ॲप स्टोअर भरून टाकली, आणि आज रस्त्यात कोणालाही विचारा, 2048 माहीत असतो, थ्रीज नाही. कायद्याने खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे नसतात, चित्रं, कोड, नाव एवढंच जपता येतं. त्यामुळे दुकानालाही सरळ काढून टाकता येत नाही. पण वर कोणाला दाखवायचं हे तर दुकानाच्याच हातात आहे ना! आधी कोण आलं ही तारीख त्यांच्याकडे नोंदलेली असते, तिला सर्चमध्ये थोडं वजन द्या. फ्लॅपी बर्ड फेब्रुवारी 2014 मध्ये व्हिएतनामच्या त्या डेव्हलपरने स्वतःच काढून घेतला तेव्हा त्याची जागा घ्यायला दुसऱ्या दिवसापासून पक्ष्यांची रांग लागली होती.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. समजा वरचं सगळं पार केलं, गेम छान झाला, 30 पातळ्या आहेत, बग नाहीत, खेळणारे खूश आहेत, आता त्यात काही घालायचं नाहीये. पुस्तक छापून झालं की लेखक पुढच्या पुस्तकाकडे वळतो, दुकानदार त्याला सांगत नाही की दर ऑगस्टला कागद बदलून आण. इथे तेच सांगतात. दर वर्षी साधारण 31 ऑगस्टला टार्गेटचा आकडा, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या व्हर्जनसाठी बनवलेलं हवं तो आकडा, वाढतो, 2025 मध्ये नवीन ॲप आणि अपडेटसाठी अँड्रॉइड 15, म्हणजे एपीआय 35. तुम्ही काहीच केलं नाही आणि फार मागे पडलात तर नवीन अँड्रॉइडच्या फोनवर नवीन माणसाला तुमचा गेम दिसणंच बंद होतं. ज्यांनी आधी घेतलाय त्यांना मिळतो, नवीन कोणाला नाही.

आकडा बदलायला काय लागतं, एक ओळ बदलायची, असं बाहेरून वाटतं. 35 टार्गेट केलं की अँड्रॉइड 15 वर ॲप कडेपासून कडेपर्यंत काढलं जातं, म्हणजे वरचा स्कोअर कॅमेऱ्याच्या भोकाखाली जाऊ शकतो, तो नीट करा. वरचं व्हर्जन चालवायला इंजिन, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बनवतो ते, अपडेट करा, इंजिन अपडेट केलं की त्याला जोडलेलं जाहिरातीचं प्लगिन चालत नाही, ते बनवणाऱ्याने दोन वर्षांपूर्वीच सोडून दिलेलं असतं. वर 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 आणि पुढचं टार्गेट करणाऱ्यांना 16 केबी पेज साइझची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वापरतो त्यांच्या आकाराची) अट, म्हणजे जुन्या प्लगिनमधल्या तयार लायब्रऱ्या पुन्हा कंपाइल करून हव्यात. त्याआधी 2019 च्या ऑगस्टमध्ये 64 बिटची आवृत्ती सक्तीची, 2021 च्या ऑगस्टमध्ये नवीन ॲपसाठी एपीके या जुन्या प्रकारच्या फाइलच्या जागी ॲप बंडल. प्रत्येक नियमाला सुरक्षेचं, वेगाचं काहीतरी रास्त कारण आहे हे मी मान्य करतो, जुन्या टार्गेटचा गैरफायदा घेणारी ॲपही होती. पण एक ऑफलाइन पझल, जो नेट मागत नाही, कॉन्टॅक्ट मागत नाही, लोकेशन मागत नाही, एकही परवानगी मागत नाही, त्याला बँकेच्या ॲपच्याच रांगेत उभं का करायचं? परवानगी शून्य असलेल्या गेमसाठी वेगळी, सैल मुदत ठेवा, एवढीच माझी मागणी आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य वगैरे अजिबात नाही.

ॲपलकडे काय वेगळं आहे असं नाही. 2017 च्या सप्टेंबरमध्ये आयओएस 11 आलं आणि 32 बिटचे सगळे जुने गेम एका फटक्यात बंद, त्यात छोट्या लोकांनी केलेले किती चांगले गेम गेले, ज्यांचे बनवणारे तोवर दुसऱ्या नोकरीला लागले होते. 2022 मध्ये ॲपलने बरीच वर्षं अपडेट न झालेल्या आणि फारसं कोणी डाउनलोड न करणाऱ्या ॲपना काढायच्या नोटिसा दिल्या, त्यावरून आरडाओरडा झाल्यावर मुदत वाढवली. डाउनलोड कमी म्हणून काढणार, आणि दिसतच नाही म्हणून डाउनलोड कमी. याला काय म्हणायचं?

इंजिनवाल्यांचंही एक वाक्य लिहितो. युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये दर इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, दहा दिवसांत नमतं घेतलं, आणि बरोबर वर्षाने पूर्ण रद्द केली. मर्यादा मोठ्या होत्या, आमच्यासारख्यांना ती लागलीही नसती, पण त्या वर्षात बरेच जण गोडो या फुकट इंजिनकडे वळले, आम्हीही त्यातलेच, आणि आम्ही खूश आहोत.

प्ले कन्सोल म्हणून जे आतलं टूल आहे ते मात्र खरंच उत्तम. कोणत्या मॉडेलवर गेम बंद पडतोय ते दिसतं, क्रॅशचं प्रमाण 1.09 टक्क्याच्या वर आणि अडकण्याचं 0.47 टक्क्याच्या वर गेलं तर दिसण्यावर परिणाम होतो हे आकडे उघड सांगितलेले आहेत, लपवाछपवी नाही. रिव्ह्यूला उत्तर 350 अक्षरांत देता येतं, आणि ते द्याच, आमच्याकडे एका ताईंनी 2 स्टार देऊन लिहिलं होतं की आवाज बंद करायचं बटण सापडत नाही, उत्तर दिलं, पुढच्या अपडेटला बटण पहिल्या स्क्रीनवर आणलं, त्यांनी स्वतः येऊन 5 केले. असा थेट संबंध मोठ्या गेमच्या लोकांना मिळत नसेल.

मग काय करावं? माझं मत, प्लेवर गेम ठेवाच, पण तिथल्या पैशावर घर चालेल असं धरू नका, आणि त्याच गेमची विंडोज किंवा ब्राउझर आवृत्ती इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या वेबसाइटवर ठेवा. तिथे दुकानाचा वाटा किती ते तुम्ही ठरवता, न बदलता ठेवलं तर 10 टक्के, आणि दहा वर्षांपूर्वीची फाइल आजही तशीच पडून असते, कोणी कागद बदलून मागत नाही. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर 2024 च्या फेब्रुवारीत आलं, मराठीसकट 12 भारतीय भाषांत चालतं, तिथे ठेवून बघायला हरकत नाही. पुण्यात बनलेला राजी हा गेम 2020 मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विच या गेम कन्सोलवर आला होता, मोबाइलवर नाही, यातही काहीतरी घेण्यासारखं आहे.

आणि आट्यापाट्या आयफोनवर कधी येणार असं विचारणारे बरेच आहेत, तर सध्या नाही. वर्षाचे 99 डॉलर त्या गेमने स्वतः कमावले की त्याच वर्षी आणू, तोपर्यंत आयफोनवाल्यांनी ब्राउझरमध्ये खेळा, टचवर व्यवस्थित चालतो, फक्त फोन आडवा धरा.